'हीट'मधल्या रायफली आणि मोठेबाबांचा पुंगळ्यांचा हिशोब

"नाव नको सांगू. काय दिसून राह्यलं ते सांग."

मोठेबाबांचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, पोलिसात आर्मरर होते, म्हणजे आयुष्य कोतमध्ये, शस्त्रं ठेवायच्या खोलीत गेलं, बंदुका उघडायच्या, पुसायच्या, जोडायच्या, रजिस्टरात नंबर मिळवायचे आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी यायचं. त्यांच्या बोटांना तेलाचा वास असायचा, साधा मशीनच्या तेलाचा, आणि रविवारी आमच्या नागपूरच्या मानेवाड्याच्या घरी तर्री पोहे खायला आले की तो वास पोह्यांच्या वासात मिसळायचा, ते मला अजून आठवतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी परत एकदा 'हीट' लावला. मायकेल मानचा, १९९५ चा, अल पचिनो पोलीस आणि रॉबर्ट डी नीरो दरोडेखोर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्या, कारण मी खाली सगळं सांगून टाकणार आहे.

पहिल्यांदा पाहिला तो व्हीसीडीवर. सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा व्हीसीडीचे ढीग लागायचे, तिथून मी तीन डिस्कचा सेट आणला होता. पिक्चर जवळपास तीन तासांचा, बँकेबाहेरचा गोळीबार दुसऱ्या डिस्कवर, आणि ती दुसरी डिस्क मी इतक्यांदा लावली की तिच्यावर ओरखडेच ओरखडे. कॉलेजात होतो, मित्रांना सांगायचो की त्यात सगळ्यांकडे एम-सिक्स्टीन आहेत. एका रविवारी मोठेबाबा घरी होते, त्यांनी तो सीन पाहिला, शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "थांबव बे. मांगं घे जरा." मी मागे घेतलं. वॅल किल्मर गाडीच्या आडोशाने फायर करून राहिला होता. "हे कोणतं हत्यार?" मी म्हटलं एम-सिक्स्टीन. तेव्हा हे वाक्य पडलं. नाव नको सांगू, काय दिसून राह्यलं ते सांग.

आणि मला काहीच सांगता येईना. कारण मी पाहिलंच नव्हतं, मी फक्त ओळखीचं वाटलं म्हणून नाव चिकटवलं होतं.

ती व्हीसीडी पण काय दाखवणार म्हणा, ३५२ बाय २८८ चं चित्र, नळीचं टोक म्हणजे नुसता काळा डाग. पुढे डीव्हीडी आली, मग ब्लू-रे आली, तेव्हा कुठे फ्रेम फ्रेम थांबवून नीट पाहता आलं. तर आता जे दिसतं ते सांगतो.

किल्मर (पिक्चरमध्ये क्रिस) आणि डी नीरो (नील मॅककॉली) दोघांकडे एकच रायफल आहे, कोल्ट मॉडेल ७३३. घराणं एम-सिक्स्टीनचंच, म्हणून मी अगदीच चुकलो नव्हतो, पण एम-सिक्स्टीन-ए-टूची नळी २० इंचांची असते आणि हिची साडेअकरा इंचांची. हा फरक केवढा ते कल्पना करून पाहा. नळी मोठी असती तर गाडीच्या दारातून, कोटाच्या आतून, बॅग खांद्यावर असताना ती रायफल चालवताच आली नसती. आता काही लोक हिला एम-फोर म्हणतात, ते पण नाही, एम-फोरची नळी साडेचौदा इंच असते, शिवाय खाली ग्रेनेड लाँचर लावता यावा म्हणून नळीला पुढच्या बाजूला एक खाच असते. आणि काही जण, जे व्हिएतनामचे पिक्चर खूप पाहतात ते, हिला जुनी कमांडो म्हणजे एक्सएम-१७७-ई-टू समजतात. तिची नळी पण साडेअकराच! मग ओळखायची कशी? टोकावरून. जुन्या कमांडोच्या टोकावर सव्वाचार इंचांचं लांब जाड नळकांडं असतं, आवाज आणि ज्वाला दाबायला. ७३३ च्या टोकावर साधा छोटा, फटी असलेला, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा फ्लॅश हायडर, म्हणजे ज्वाला लपवणारं टोपण. बस. किल्मरच्या रायफलीचं टोक पाहा, छोटं आहे. मला हे समजायला किती वर्षं गेली, आणि उत्तर तिथं दोन इंचांत होतं.

टॉम साइझमोरकडे (चेरिटो) इस्रायली गलील रायफल आहे, त्यातलं एआरएम मॉडेल. हे ओळखणं सगळ्यात सोपं. मॅगझिन पाहा, केळ्यासारखं वाकलेलं, लांब, ३५ गोळ्यांचं. पुढचा हँडगार्ड, म्हणजे नळीवरचं हातात धरायचं आवरण, जाडजूड. उजव्या बाजूला एके-४७ सारखा लांब खटका, कारण मूळ तेच आहे, रशियन एकेवरून फिनलंडवाल्यांनी आपली रायफल काढली आणि तिच्यावरून इस्रायल गलिली या माणसाने ही. एक मस्त गोष्ट, या गलीलला सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडायची सोय आहे, खरंच, मुद्दाम करून दिलेली. कारण इस्रायली शिपाई मॅगझिनच्या ओठांनी, म्हणजे वरच्या तोंडाच्या कडांनी, बाटल्या उघडायचे, ओठ वाकायचे आणि मग गोळी अडकायची. मोठेबाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ मान हलवत बसले. म्हणाले, ज्यानं हे बनवलं त्यानं कोतमध्ये दिवस काढले असतील. मॅगझिनचे ओठ वाकले म्हणून रायफल अडली, हे त्यांनी स्वतः किती वेळा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी जवान म्हणायचा की रायफलच खराब आहे.

आता पचिनोची (विन्सेंट हॅना) रायफल. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो. हिला आणि गलीलला, दोन्हींना घडी होणारा पाइपचा दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग), दोन्ही काळ्या, दोन्हींचं अंग थोडं एकेसारखं, म्हणून मी बिनधास्त सांगायचो की पोलिसाकडे पण गलीलच आहे, आणि वर त्याच्यावर एक मोठी थिअरी पण मांडायचो की बघा, चोर आणि पोलीस एकाच माळेचे मणी म्हणून डायरेक्टरनं हत्यारं पण सारखी दिली. मोठेबाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मॅगझिन पाय."

मॅगझिन पाहिलं. जवळजवळ सरळ, थोडीशी वाकलेली, ३० ची, एम-सिक्स्टीनच्या धाटणीची. हँडगार्ड बारीक. ही गलील असूच शकत नाही. ही बेल्जियमची एफएनसी. "हे एफएनच्या घरचं पोट्टं दिसते," मोठेबाबा म्हणाले आणि त्यांच्या आवाजात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं काहीतरी होतं, कारण एफएन ही बेल्जियमची कंपनी म्हणजे त्यांच्यासाठी एसएलआरचं माहेर. आपल्याकडची ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल, इशापूरला बनणारी, ती एफएनच्या एफएएल रायफलीवरूनच आलेली. चार किलोच्या वर वजन, २० चं मॅगझिन, जोरदार धक्का. ती त्यांनी हजारदा उघडली असेल. मी नंतर वाचलं तर कळलं की घर तेच पण आतली रचना वेगळी, एसएलआरचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणारा तुकडा, वाकून अडतो, एफएनसीचा एकेसारखा गोल फिरून अडतो. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, असंल, पण चेहरा घरचाच हाय.

माझी ती माळेचे मणीवाली थिअरी त्या दिवशी गेली. आणि खरं सांगतो, त्याऐवजी जे दिसलं ते त्याहून भारी होतं. चोरांच्या हातात आखूड नळीच्या रायफली, ऑटोवर, म्हणजे चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात, समोर जे येईल त्याच्यावर मारा. पचिनो मात्र त्या पूर्ण धावपळीत थांबून, खांद्याला दस्ता लावून, मोजून गोळी टाकतो. चेरिटो एका लहान मुलीला उचलून ढाल करतो तेव्हा तर पचिनो फक्त एक गोळी मारतो. एकच. नेम धरायला त्याला लागलेला वेळ पाहा, श्वास थांबवलेला दिसतो. हातातलं हत्यार ओळखता आलं नाही तरी हे दिसेल, पण ओळखता आलं की समजतं की ऑटोचा खटका असताना तो तिकडे गेलेला नाही.

आता पुंगळ्यांचं सांगतो, कारण मूळ मुद्दा तो आहे.

पोलिसात फायरिंगचा सराव झाला की जेवढी काडतुसं दिली तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत जमा करायच्या असतात. पन्नास दिली, पन्नास परत. आर्मरर मोजून घेतो, सही करतो. मोठेबाबा सांगतात की एकदा एका रेंजवर एक पुंगळी कमी भरली. एक. अख्खी तुकडी गवतात रांगेनं बसवली, हातानं गवत चाचपत पुढे सरकायचं, एक रांग झाली की परत मागे, सूर्य कलला तरी सापडेना. शेवटी एका जवानानं बूट काढला तर पुंगळी त्यात. गरम पुंगळी उडून बुटाच्या वरच्या तोंडातून आत गेली होती आणि त्या पोराला चटका बसला असूनही फायरिंगच्या नादात त्याला कळलं नव्हतं, पोटरीवर फोड आलेला. मोठेबाबांनी आधी त्या फोडाला औषध लावलं, मग पुंगळी पुसली आणि डब्यात टाकली, मग सही.

म्हणून हा माणूस पिक्चर पाहताना गोळ्या मोजतो. त्यांना सांगावं लागत नाही, आपोआप होतं. आणि बहुतेक पिक्चर त्यांना दहा मिनिटांत सोडून द्यावे लागतात कारण सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून अकरावी निघाली की त्यांचा जीव कासावीस होतो. ते चिडत नाहीत, फक्त उठून गॅलरीत जातात.

'हीट'ला ते उठले नाहीत. कारण त्यात मॅगझिन संपतं. ऑटोवर ७३३ मिनिटाला सातशेच्या वर गोळ्या टाकते, म्हणजे ३० चं मॅगझिन चाप दाबून ठेवला तर अडीच सेकंदांत रिकामं. अडीच सेकंद! एवढ्यात आपण चहाचा घोट पण गिळत नाही. म्हणून ते दोन-तीन, दोन-तीन अशा गोळ्या टाकतात, एक जण मारतो तेव्हा दुसरा पळतो, मग तो थांबतो आणि पहिला पळतो. आणि किल्मर खाली वाकतो, रिकामं मॅगझिन सोडतो, नवीन बसवतो, परत उभा राहून फायर, आणि या पूर्ण वेळात त्याची नजर रायफलीकडे जात नाही, समोरच असते. ब्रिटिश एसएएस या कमांडो तुकडीतून आलेल्या अँडी मॅकनॅबनं या नटांना शिकवलं होतं. मोठेबाबा त्या मॅगझिन बदलण्यावर एवढंच म्हणाले की या पोट्ट्याचा हात बसला हाय. मी त्यांच्या तोंडून नटाचं एवढं कौतुक दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

एक प्रश्न त्यांनी मला विचारला होता ज्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं. ब्लँक काडतुसानं ऑटो चालतच नाही. ब्लँकला पुढे गोळी नसते, पितळेचं तोंड पाकळ्यांसारखं दुमडलेलं असतं, दारूचा सगळा गॅस मोकळ्या नळीतून निघून जातो आणि बोल्ट मागे ढकलायला दाब उरत नाही. सरावात आपल्याकडे नळीच्या टोकाला अडथळा लावतात, तो बाहेरून स्पष्ट दिसतो. मग यांच्या टोकावर काहीच का दिसत नाही? तर पिक्चरवाले तो अडथळा नळीच्या आत बसवतात, मधे बारीक भोक ठेवून. बाहेरून टोक साफ. मी हे वाचल्यावर त्यांना फोन करून सांगितलं, रात्रीचे दहा वाजून गेले होते, मोठी आई म्हणाली झोपले, आणि मागून त्यांचा आवाज आला की दे इकडे.

आणखी एक, जे फ्रेम फ्रेम पाहणाऱ्यालाच दिसेल. कधी कधी आवाज येतो, पुंगळी उडताना दिसते, पण नळीच्या टोकावर ज्वाला नसते, आणि लोक लगेच म्हणतात की चूक आहे. चूक नाही. फिल्मचा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो आणि फ्रेम सरकताना शटर बंद असतं, म्हणजे साधारण निम्मा वेळ कॅमेरा आंधळा. ज्वाला क्षणाचीच, ती त्या बंद वेळेत पडली तर फिल्मवर येतच नाही. उलट साडेअकरा इंचांच्या नळीची ज्वाला जी येते ती केवढी मोठी येते पाहा, कारण दारू नळीत पूर्ण जळत नाही, उरलेली बाहेर जळते.

आवाजाचं तर काय सांगू. बहुतेक पिक्चरमध्ये गोळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत चढवतात. मायकेल माननं इथे रस्त्यावर शूटिंगच्या वेळी माइकनं पकडलेले आवाजच ठेवले. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये दोन्ही बाजूंना काचेच्या उंच बिल्डिंगा, मधे रस्ता, आणि ब्लँकचा आवाज त्या भिंतींवर आपटून परत येतो. बद्द नाही, धम्म नाही, कडाड् असा फुटतो आणि मग मागून त्याचा घुमारा. घरात पाहताना कानावर थापड बसल्यासारखं वाटतं. हत्यार ओळखायला चित्रापेक्षा हा आवाज जास्त कामी येतो असं मला आता वाटायला लागलंय.

मधे एक जागा आहे जिथे मोठेबाबा गप्प होतात. रस्त्यावरचे साधे पोलीस आखूड शॉटगन आणि पिस्तुलं घेऊन गाड्यांच्या मागे बसलेत आणि समोरून ऑटोचा मारा होतोय. लॉस एंजेलिसमध्येच २८ फेब्रुवारी १९९७ ला, म्हणजे पिक्चरनंतर वर्षा-सव्वा वर्षात, नॉर्थ हॉलीवूडला बँकेबाहेर खरोखर असंच झालं, दोन दरोडेखोर, ऑटो रायफली, अंगावर चिलखत, आणि पोलिसांची पिस्तुलं त्यांच्यापुढे चालेनात. पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. पण मोठेबाबांच्या डोळ्यांपुढे ते नसतं. त्यांच्या डोळ्यांपुढे २६ नोव्हेंबर २००८ असतं. सीएसटी स्टेशनवर समोर एके, ३० चं मॅगझिन, आणि आपल्या लोकांच्या हातात थ्री-नॉट-थ्री. दहा गोळ्या, प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढा, मागे, पुढे, खाली. ही रायफल त्यांनी आयुष्यभर पुसली, पुलथ्रूनं, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीनं, चिंदी ओढून नळी आरशासारखी ठेवली, कारण त्यांच्या हातात तेवढंच होतं. आणि त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांकडे तर फक्त लाठी होती, त्यांनी दोन्ही हातांनी एकेची नळी धरून ठेवली. मोठेबाबा हे फक्त एकदा बोलले. म्हणाले, फायर होऊन राह्यलेली नळी किती तापते तुले माहीत नाही.

मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

तर गेल्या आठवड्याचं. मोठेबाबांचं वय आता ऐंशीला टेकलंय, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं बाकी आहे, टीव्हीवर त्यांना माणसं दिसतात पण बारीक काही दिसत नाही. मे महिना, पारा ४५ च्या घरात, दुपार, खिडकीला वाळ्याची ताटी आणि कूलर पूर्ण फास्टवर. त्यांनीच म्हटलं, ते तुहं बँकवालं लाव. मी थेट तो सीन लावला. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "कूलर बंद कर."

मी म्हटलं मोठेबाबा, उकडेल.

"बंद कर म्हणतो ना बे. ऐकू येऊन नाही राह्यलं."

कूलर बंद केला. पंख्याचा घरघराट थांबला, पाण्याची टपटप थोडा वेळ चालली मग ती पण थांबली. मी सीन परत मागे घेतला. मोठेबाबा पलंगावर आडवे, डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचं बोट पलंगाच्या लाकडी पाटीवर. क्रिसनं फायर सुरू केलं तसं बोट वाजायला लागलं. दोन. तीन. दोन. मधे गलीलचा आवाज आला तेव्हा बोट थांबलं, परत ७३३ आली की परत सुरू. पचिनोच्या सुट्या गोळ्यांना त्यांनी नुसती मान हलवली, त्या वेगळ्या खात्यात टाकल्यासारखी. माझ्या पाठीवरून घाम वाहून राहिला होता आणि मी स्क्रीनकडे न पाहता त्यांच्या बोटाकडे पाहत होतो.

बोट थांबलं. "आता बदलन," मोठेबाबा म्हणाले.

मी वर पाहिलं तर किल्मर खाली वाकत होता.

पुढे ती लहान मुलगी येते तिथपर्यंत सीन चालू होता. चेरिटो तिला उचलतो तेव्हा ती ओरडते, तो आवाज आला आणि मोठेबाबांनी डोळे उघडले.

"बस," ते म्हणाले. "लाव आता कूलर."